एक सेंट, सत्तरपैकी सदुसष्ट

१२ नोव्हेंबर २०२५ ला फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत रोजच्या वापरासाठीचे शेवटचे सेंट पाडले गेले आणि अमेरिकेची २३२ वर्षांची सवय संपली. एक सेंट पाडायला ३.६९ सेंट खर्च येत होता (हा २०२४ चा सरकारी हिशेब), त्यामुळे हे आज ना उद्या होणारच होतं. पण तेव्हापासून मला एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी विचारला जातोय. "आता तुझ्या त्या नाण्यांना सोन्याचा भाव येणार, नाही का गं?" डोंबिवलीच्या मावशीने विचारलं, शेजारच्या गुज्जूभाईंनी विचारलं, आणि धाकट्या आतेभावाने तर पुढची पायरी गाठली. त्याने एका लिलावाच्या जाहिरातीचा फोटो पाठवला. लालबुंद लिंकन सेंट, पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत, वर चिठ्ठी आणि चिठ्ठीवर ६७ हा आकडा. खाली याचा प्रश्न: "ताई, पोरीच्या शिक्षणाचे पैसे एफडीत नुसते पडलेत. त्यातले थोडे असल्यात घालू का?"

त्याला फोनवर सांगायला लागले आणि तिकडे कुकरच्या शिट्ट्या सुरू झाल्या. म्हणून इथे सविस्तर लिहितेय. बाकीच्या मंडळींनीही वाचायला हरकत नाही. :)

आधी सगळ्यात सोपी गोष्ट. पाडणं बंद झालं म्हणून सेंट दुर्मिळ झाला, असं अजिबात नाही. सरकारी अंदाजानुसार ३० हजार कोटी सेंट अजून लोकांकडे आहेत. बरण्यांमध्ये, गाडीच्या खणात, सोफ्याच्या फटीत. आमच्या घरातल्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत जे सेंट आहेत त्यांची किंमत काल एक सेंट होती आणि आजही एकच सेंट आहे. तेव्हा "बंद झालं म्हणून महागलं" हा मुद्दा सोडून द्या.

मग लाखो डॉलरला जातात ते सेंट कुठले? इथे गंमत सुरू होते. दुर्मिळपणा दोन प्रकारचा असतो, आणि जाहिराती करणारे हे दोन्ही प्रकार एकाच ताटात वाढतात.

पहिला प्रकार टांकसाळीतच ठरतो. नाणं मुळात कमी पाडलं गेलं किंवा चुकून पाडलं गेलं. दुसरा प्रकार टांकसाळीच्या बाहेर ठरतो. नाणी लाखांनी पाडली, पण चांगल्या अवस्थेत उरलं एखादंच. आतेभावाच्या फोटोतलं नाणं या दुसऱ्या प्रकारातलं. मला स्वतःला हा दुसरा प्रकार जास्त मोहक वाटतो आणि जास्त धोक्याचाही वाटतो.

तीन सेंटांची उदाहरणं घेऊ. तिन्ही सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीतले, म्हणजे सालाखाली छोटासा 'एस' असलेले.

१९०९ साली लिंकनच्या जन्माला शंभर वर्षं झाली म्हणून त्याचा चेहरा सेंटवर आला. रोजच्या वापराच्या अमेरिकन नाण्यावर राष्ट्राध्यक्षाचा चेहरा येण्याची ती पहिलीच वेळ. चित्रकर्ता होता व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर, लिथुआनियातून आलेला. त्याने नाण्याच्या मागच्या बाजूला खाली आपली व्ही.डी.बी. ही आद्याक्षरं घातली. २ ऑगस्टला नाणं बाहेर आलं, लोकांनी रांगा लावल्या, आणि त्याच वेळी ओरड झाली की या माणसाने आपलं नाव फारच ठळक घातलंय. तीन दिवसांत ती अक्षरं काढायचा हुकूम सुटला. तोवर सॅन फ्रान्सिस्कोत ४,८४,००० नाणी पाडून झाली होती. हा '१९०९-एस व्ही.डी.बी.' म्हणजे लिंकन सेंट जमवणाऱ्या प्रत्येक अमेरिकन पोराचं स्वप्न. अगदी झिजलेला असला तरी काही शे डॉलर मोजावे लागतात.

दुसरा, १९३१-एस. मंदीचा काळ, नाण्यांना मागणी नाही, म्हणून ८,६६,००० च पाडले. आकडा लहान. पण तोवर लोक शहाणे झाले होते. "हा कमी पाडलाय" हे कळताच व्यापाऱ्यांनी आणि हौशी लोकांनी तो थैल्या भरभरून उचलला आणि जपून ठेवला. परिणाम असा की आज १९३१-एस कोरा करकरीत मिळणं मुळीच अवघड नाही. झिजलेला आणि साधा कोरा यांच्या किमतीतही फार मोठी दरी नाही.

आणि तिसरा, १९२६-एस. पाडले किती? ४५,५०,०००. म्हणजे पहिल्याच्या नऊपटींहून जास्त. झिजलेला आजही दहाएक डॉलरच्या आसपास मिळतो. पण त्याच १९२६-एसचा, मूळचा लाल रंग पूर्ण टिकलेला आणि ६५ दर्जाचा एक सेंट २००६ साली लिलावात १,४९,५०० डॉलरला गेला. त्या वेळी पीसीजीएस या प्रमाणन कंपनीच्या नोंदीत तसा तो एकटाच होता.

का बरं? कारण १९२६ साली या नाण्याकडे कोणाचं लक्षच गेलं नाही. ना त्यावर वाद झाला, ना रांगा लागल्या, ना कोणी थैल्या उचलल्या. त्या काळात सॅन फ्रान्सिस्कोत ठसेही झिजेपर्यंत वापरायचे, त्यामुळे मुळात नीट उठलेलं नाणंच कमी. जी उठली ती लोकांनी पाव आणण्यात, ट्रामच्या तिकिटात, पोरांच्या गोळ्यांत खर्च करून टाकली. १९०९ च्या नाण्याचा गाजावाजा झाला, म्हणून लोकांनी ते जपलं आणि आज ते लाल-कोऱ्या अवस्थेत पैसे टाकले की मिळतं. महाग मिळतं, पण मिळतं. १९२६ चं नाणं सामान्य होतं, म्हणून कोणी जपलं नाही.

मला या छंदातलं सगळ्यात जास्त आवडतं ते हेच. घरातलंही असंच असतं ना? लग्नातला शालू तीस वर्षं डांबरगोळ्यांत राहतो, पण आजीच्या रोजच्या नेसणीतलं नऊवारी लुगडं आज कोणाकडे आहे? चांदीचं ताम्हन आहे, पण ज्या पळीने रोज आमटी वाढली ती गेली. रोजच्या वस्तूच सगळ्यात आधी नाहीशा होतात. १९२६-एसचा तो एकुलता लाल सेंट शंभर वर्षं कोणाच्या तरी खणात, कागदात, कोरड्या जागी नुसता पडून राहिला. त्याला कोणी जपलं असेल किंवा विसरलं असेल. दोन्हीचा परिणाम सारखाच.

आता या 'लाल' रंगाबद्दल. १९२६ चा सेंट म्हणजे ९५ टक्के तांबं. नवीन तांबं लाल-केशरी असतं. मग हवा, ओल, हाताचा घाम, कागदातलं गंधक यांनी ते हळूहळू तपकिरी होत जातं. संग्राहक तीन वर्ग करतात: लाल, लाल-तपकिरी आणि तपकिरी. पूर्ण लाल म्हणायला मूळ रंग साधारण ९५ टक्के टिकलेला हवा. एकाच साली, एकाच टांकसाळीत पाडलेल्या, एकाच दर्जाच्या दोन नाण्यांत केवळ या रंगामुळे दहापट फरक पडू शकतो.

मावशीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग त्यात काय, चिंच लाव आणि घास की! आमचा तांब्या बघ कसा लखलखतो." मावशी, तांब्याला चिंच लाव, पितांबरी लाव, काय हवं ते लाव. पण नाण्याला लावलीस की संपलं! घासलेलं नाणं चमकतं, पण ती टांकसाळीची चमक नव्हे, आणि जाणकाराला ते पाच सेकंदांत कळतं. प्रमाणन कंपन्या असल्या नाण्याला आकडाच देत नाहीत. चिठ्ठीवर सरळ 'साफ केलेलं' अशी नोंद करतात. आपल्याकडे किती पेट्यांतली जुनी तांब्याची नाणी लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी चिंचेने घासली गेली असतील, या विचाराने माझ्या पोटात गोळा येतो.

असो. त्या आकड्याकडे वळू. हा सत्तरचा हिशेब आला कुठून? विल्यम शेल्डन नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. माणसांच्या शरीराचे प्रकार पाडून त्यावरून स्वभाव ओळखायचा, अशी त्यांची थिअरी एकेकाळी गाजली होती. त्यांना जुन्या मोठ्या सेंटांचा नाद. १९४९ साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं आणि १ ते ७० अशी मोजपट्टी मांडली. कल्पना साधी होती. अगदी गुळगुळीत झिजलेलं नाणं एक डॉलरचं असेल तर निर्दोष नाणं सत्तर डॉलरचं. म्हणजे दर्जाचा आकडा आणि किंमत यांचा थेट गुणाकार. १७९४ च्या सेंटांच्या बाजारभावावरून त्यांनी हे बेतलं होतं. तो गुणाकार फार वर्षं टिकला नाही, पण मोजपट्टी मात्र राहिली. आज ६० ते ७० हे अकरा आकडे फक्त कोऱ्या, न वापरलेल्या नाण्यांसाठी आहेत. शेल्डनच्या हिशेबात तळापासून टोकापर्यंत सत्तरपट. १९२६-एसचं काय झालं बघा: दहा डॉलर आणि दीड लाख डॉलर, म्हणजे जवळजवळ पंधरा हजारपट, आणि तीही सत्तरला नाही तर पासष्टला!

या शेल्डनसाहेबांची पुढची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्यांच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी उघडकीला आलं, की अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले उत्तम सेंट काढून त्यांनी त्या जागी आपले कमी दर्जाचे ठेवले होते. ज्याने दर्जा मोजायची पट्टी दिली, त्यालाच दर्जाचा मोह आवरला नाही. त्या सेंटांच्या मालकीवरून पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या. जातही तीच, सालही तेच, फरक फक्त दर्जाचा. तरी माणूस एवढ्या थराला गेला.

१९८६ साली पीसीजीएस आणि १९८७ साली एनजीसी या कंपन्या आल्या. नाणं पाठवायचं, तज्ज्ञ तपासतात, आकडा देतात आणि प्लॅस्टिकच्या डबीत सील करून परत पाठवतात. ही डबी म्हणजे 'स्लॅब'. हे फार चांगलं झालं, यात शंका नाही. त्याआधी विकणारा म्हणेल तो दर्जा. बनावट नाणी, घासलेली नाणी, अक्षर चिकटवलेली नाणी यांनी किती जणांना बुडवलं असेल! पण यातून एक नवी चीज जन्माला आली, ती म्हणजे नोंदवही. अमुक सालचे अमुक दर्जाचे किती सेंट आम्ही तपासले, हे या कंपन्या जाहीर करतात. आणि मग सुरू झाला खेळ: "या दर्जाचं एकच! याहून वरचं एकही नाही!"

माझा खरा आक्षेप इथे आहे. नोंदवहीतला 'एक' म्हणजे जगात एक नव्हे. तपासायला पाठवलेल्यांत एक, एवढाच त्याचा अर्थ.

जुन्या महाग नाण्यांच्या बाबतीत या दोन्हींत फार अंतर नसतं. १९२६-एस लाल असेल तर आज कोण खणात ठेवून देईल? तपासायची फी नाण्याच्या किमतीपुढे चिल्लर. म्हणून शंभर वर्षांत आणि चाळीस वर्षांच्या तपासणीत जो एकटा उरला, त्याच्या एकटेपणावर मी विश्वास ठेवेन. नव्या नाण्यांचं उलट आहे. तपासायला पाठवायचा खर्चच डॉलरच्या दोन आकड्यांत जातो, मग कोट्यवधींनी पाडलेला सेंट कोण कशाला पाठवेल? चार जणांनी पाठवले, एकाला ६९ मिळाला, की तो 'एकमेव'. आणि त्याला मोठी किंमत आली, की ती वाचून आणखी चाळीस जण आपापल्या बरण्या उपसतात.

हे मी हवेत बोलत नाही. १९६३ साली संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेले सेंट तीस लाखांहून जास्त आहेत. त्यातला एक, ७० पैकी ७० मिळालेला, या शतकाच्या सुरुवातीला ३९ हजार डॉलरवर विकला गेला. नोंदवहीत तेव्हा तो एकटाच होता. नंतर त्याला भावंडं मिळत गेली आणि तसल्याच सेंटांचे भाव कोसळले. नाणं होतं तिथेच, तसंच होतं. बदलली ती फक्त नोंदवही.

त्यात रंगाची भानगड आहेच. तांबं डबीत बंद केलं म्हणून ते आपला स्वभाव सोडत नाही. ओल लागली की लालावर डाग उमटतात. १ जानेवारी २०१० पासून पीसीजीएसने तांब्याच्या नाण्यांच्या रंगाची हमी देणं थांबवलं, ते उगीच नाही. चिठ्ठीवर 'लाल' लिहिलेलं राहतं, आतलं नाणं मात्र त्याच्या गतीने तपकिरी होत जातं. आतेभावा, तू राहतोस ठाण्यात. तिथल्या पावसाळ्यात पापड मऊ पडतो, तिथे हे नाणं ठेवणार कुठे?

याच्याशेजारी पहिल्या प्रकारचा दुर्मिळपणा ठेवून बघा. १९४३ साली युद्धासाठी तांबं हवं होतं, म्हणून अमेरिकेने सेंट पोलादाचे पाडले. (त्याच टंचाईत त्याच साली आपल्याकडे मध्ये मोठं भोक असलेला पैसा आला. आईकडे दोन होते, करदोट्यात ओवायचे म्हणे.) पण यंत्रांत मागच्या वर्षीच्या तांब्याच्या काही चकत्या अडकून राहिल्या आणि १९४३ चे मोजके सेंट तांब्याचे निघाले. त्यातला एक १९४७ साली मॅसॅच्युसेट्समधल्या एका शाळकरी मुलाला शाळेच्या उपाहारगृहात सुट्ट्या पैशांत मिळाला. त्याने तो आयुष्यभर ठेवला. त्याच्या मृत्यूनंतर २०१९ साली तो २,०४,००० डॉलरला गेला. आणि दर्जा? फक्त ५३. वापरलेला, थोडा झिजलेला. पण त्याचं दुर्मिळपण कोणा तपासनिसाच्या मतावर टांगलेलं नाही. उद्या कोणी त्याला ५० म्हटलं तरी तो १९४३ चा तांब्याचा सेंटच राहील. ६७ च्या सेंटाला उद्या कोणी ६६ म्हटलं तर त्याची किंमत अर्ध्यावर येऊ शकते. आणि ६६ व ६७ मधला फरक भिंगातून बघूनही दहांतल्या नऊ जणांना सांगता येणार नाही. म्हणून तर लोक डब्या फोडून तेच नाणं पुन्हा पुन्हा तपासायला पाठवतात, एखाद्या वेळी एक आकडा वर मिळेल या आशेने!

आता तर नवाच प्रकार निघालाय. डिसेंबर २०२५ मध्ये शेवटच्या सेंटांचे २३२ संच, ओमेगाची खूण घालून, लिलावात काढले. फिलाडेल्फियाचा एक, डेन्व्हरचा एक आणि सोन्याचा एक. सगळे मिळून एक कोटी साठ लाख डॉलरहून जास्त आले. ज्यांनी घेतले त्यांना लखलाभ. मला मात्र त्यात मजा वाटत नाही. जपावं म्हणूनच जन्माला घातलेलं नाणं ते. त्याने कधी कोणाच्या खिशात दिवस काढला नाही आणि कोणाच्या हातून निसटलंही नाही. दुर्मिळपणा जाहीर करून पाडायचा म्हटला, तर १९२६-एसच्या त्या मूक शंभर वर्षांना अर्थ काय राहिला?

तर माझं मत. उत्तम दर्जाच्या जुन्या सेंटाला मोठी किंमत येते यात मला काही गैर वाटत नाही. हजारो हातांतून एकही हात न लागता सुटलेली वस्तू सुंदरच असते. पण ती किंमत दोघांची आहे, नाण्याची आणि चिठ्ठीवरच्या आकड्याची. आपण नक्की कशाचे पैसे देतोय हे विकत घेण्याआधी स्वतःला विचारावं. चिठ्ठी झाकून नाणं हातात घ्यावं. झाकलेल्या चिठ्ठीनेही ते तितकंच आवडलं तर घ्यावं. नाहीतर आपण आकडा विकत घेतोय, आणि आकडा दुसऱ्याच्या मताने खाली येऊ शकतो.

माझ्याकडचा १९२६-एस तपकिरी आहे, लिंकनच्या गालावर झीज आहे, शेल्डनसाहेबांच्या पट्टीवर फार तर वीस. बारा डॉलरला घेतला. त्याला सत्तरात काढायची मला हौस नाही. तो कोणाकोणाच्या खिशांतून फिरला असेल, एवढा विचार मला पुरतो.

आणि आतेभावा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नाही. पोरीच्या शिक्षणाचे पैसे एफडीतच राहू देत. लिलावात घेताना वीसेक टक्के वर द्यावे लागतात, विकताना पुन्हा कोणीतरी कापून घेतं, आणि मधल्या काळात व्याज शून्य. हौस असेल तर पोरीला घेऊन पुढच्या वर्षी इकडे ये. ती आली की आपण लोणच्याची बरणी पालथी करू आणि सालावार सेंट लावत बसू. १९८२ च्या आधीचे तांब्याचे, नंतरचे आतून जस्ताचे. वाजवून फरक ओळखायला तिला शिकवते. त्यात दहा वर्षांत किती होतील ते मात्र विचारू नकोस!

तुमच्यापैकी कोणाच्या घरी जुन्या नाण्यांची डबी असेल तर कळवा. आणि कृपा करून, चिंच लावू नका.